चिंताविकारावरील औषधोपचाराचा पहिला पंधरवडा : चंद्रपूर-गडचिरोलीच्या आरोग्य-इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात औषधाच्या शोधाला मोठे स्थान मिळते. ते औषध रुग्णाने पहिल्यांदा तोंडात टाकल्यानंतरच्या दिवसांची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. चिंताविकाराच्या बाबतीत हेच दिवस निर्णायक ठरतात. आज या विकारासाठी प्रामुख्याने वापरल्या जाणाऱ्या औषधांचा गुण दिसण्यास साधारणतः दोन ते सहा आठवडे लागतात. त्यांचा त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवू लागतो. मळमळ, डोकेदुखी, झोपमोड, अस्वस्थता, हातांना कंप अशा तक्रारी घेऊन रुग्ण बसतो आणि गुण येण्यापूर्वीच औषध सोडतो. त्याच्या दृष्टीने औषध लागू पडलेले नसते. वैद्यकाच्या दृष्टीने ते सुरूच झालेले नसते.

शहरात असा रुग्ण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दूरध्वनी करू शकतो. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा किंवा जिवती तालुक्यातील रुग्णाला ही सोय सहजासहजी उपलब्ध नसते. त्यामुळे दुष्परिणामांना सामोरे जाण्याचा प्रश्न येथे सामाजिक व प्रशासकीय स्वरूप धारण करतो. मात्र औषधाच्या त्रासातून रुग्णाला पार नेण्याचा अनुभव या प्रदेशाला नवा नाही. कुष्ठरोगाच्या उपचारांत तो अनुभव मिळाला असून त्याचा मानसिक आरोग्याच्या संदर्भात विचार होणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) चिंताविकारावरील औषधांच्या विकासक्रमाचा त्यांच्या दुष्परिणामांच्या अंगाने आढावा घेणे. २) औषध सुरू करतानाच्या त्रासाचे स्वरूप व त्यावरील उपाय स्पष्ट करणे. ३) चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आरोग्यकार्याच्या इतिहासातून या प्रश्नासाठी कोणते मार्गदर्शन मिळते ते पाहणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. प्रदेश आणि मानसोपचाराची उपलब्धता

पूर्वीचा चांदा जिल्हा १९६४ पासून चंद्रपूर या नावाने ओळखला जाऊ लागला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. घनदाट अरण्य, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी व इंद्रावती या नद्या, विरळ वस्ती आणि मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली अशा अनेक भाषा ही या प्रदेशाची वैशिष्ट्ये होत.

विदर्भातील मानसोपचाराचे जुने केंद्र म्हणजे १८६४ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मनोरुग्णालय. सिरोंचाहून नागपूर गाठण्यासाठी तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. अशा संस्थेकडे तीव्र मनोविकाराचा रुग्णच नेला जाई. चिंतेने ग्रासलेला, पण घरकाम व शेतकाम कसेबसे रेटणारा माणूस तेथवर पोहोचण्याचे कारण नव्हते. त्याची तक्रार ‘जीव घाबरतो’, ‘छातीत धडधडते’, ‘झोप लागत नाही’ अशा शब्दांत व्यक्त होत असे आणि ती गावातील पुजाऱ्यापुढे किंवा फार तर जवळच्या दवाखान्यात मांडली जाई.

१९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम व १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. मानसोपचार जिल्हा व प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या पातळीवर आणण्याचे धोरण त्यामुळे स्वीकारले गेले. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांबाबत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान आढळले. या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. परंतु गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगढचा होता. उपचारांपर्यंत पोहोचणारेच इतके थोडे असताना, पोहोचलेला रुग्ण पहिल्या पंधरवड्यात गळणे हे दुहेरी नुकसान ठरते.

२. अरण्यातील मुळीपासून गोळीपर्यंत

मन शांत करणाऱ्या आधुनिक औषधांच्या इतिहासात भारतीय वनस्पतीला महत्त्वाचे स्थान आहे. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग उन्मादासाठी व निद्रानाशासाठी परंपरेने होत आला. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मनोविकार व उच्च रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लेखन प्रसिद्ध केले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात उच्च रक्तदाबावरील तिचा प्रभाव मांडला आणि या वनस्पतीकडे पाश्चात्त्य जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. ‘ट्रँक्विलायझर’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो याच औषधाच्या निमित्ताने.

रेसर्पिनच्या इतिहासातच दुष्परिणामांचा प्रश्नही उभा राहिला. नाक चोंदणे, रक्तदाब अतिशय उतरणे, सुस्ती आणि काही रुग्णांत खिन्नता अशा तक्रारी नोंदल्या गेल्या. ‘वनस्पतीजन्य औषध निर्धोक असते’ या समजुतीला याच वनस्पतीच्या इतिहासातून उत्तर मिळते. मध्य भारताच्या अरण्यांशी परिचित असलेल्या वाचकांच्या दृष्टीने ही बाब विशेष लक्षणीय आहे.

१९५५ मध्ये मेप्रोबामेट, १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड व १९६३ मध्ये डायझेपाम ही औषधे बाजारात आली. यांतील शेवटची दोन बेन्झोडायझेपिन गटातील होत. त्यांचा गुण तासाभरात जाणवतो, म्हणून ती लोकप्रिय झाली. परंतु दीर्घकाळ घेतल्यास त्यांची सवय लागते व एकाएकी थांबविल्यास चिंता अधिक तीव्रतेने उसळते, हे पुढील दोन दशकांत स्पष्ट झाले. या औषधांत सुख आधी व किंमत नंतर, असा क्रम होता.

याच सुमारास याच्या नेमका उलट क्रम असलेली औषधे पुढे येत होती. खिन्नतेवरील इमिप्रामिनचा प्रभाव स्वित्झर्लंडचे डॉ. रोलँड कुन यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड क्लाइन यांनी हे औषध अचानक भीतीचे झटके येणाऱ्या रुग्णांना दिले. काही आठवडे गेले तरी रुग्ण ‘फरक नाही’ असेच सांगत होते. मात्र घाबरून परिचारिकांच्या कक्षाकडे धावत येण्याचे त्यांचे प्रमाण कमी झाल्याचे कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले. गुण आल्याचे रुग्णाच्या आधी सोबतच्या माणसांना कळले. या घटनेचे महत्त्व पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

१९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला मान्यता मिळाली. त्यापाठोपाठ सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन, एस्सिटालोप्राम ही सेरोटोनिनवर कार्य करणारी औषधे आली. जुन्या औषधांच्या तुलनेत ती अधिक सुरक्षित ठरली, त्यांची सवयही बेन्झोडायझेपिनप्रमाणे लागत नाही. परंतु ‘त्रास आधी, गुण नंतर’ हा क्रम कायम राहिला.

३. त्रास आधी, गुण नंतर : स्वरूप आणि उपाय

या क्रमामागे शरीरशास्त्रीय कारणे आहेत. ही औषधे मज्जापेशींच्या सांध्यांतील सेरोटोनिनची पातळी काही तासांतच वाढवितात. मात्र त्या वाढीशी मज्जापेशींनी जुळवून घेण्यास आठवडे लागतात. गुण त्या जुळवणीतून येत असावा, असे सामान्यतः मानले जाते. शिवाय शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असते. त्यामुळे मळमळ, पातळ शौच, भूक मंदावणे या तक्रारी प्रथम दिसतात.

चिंतेच्या रुग्णाची अडचण याहून सूक्ष्म आहे. धडधड, कंप, अस्वस्थता, पोटात कालवणे ही त्याच्या आजाराची लक्षणे असतात आणि औषधाच्या प्रारंभीच्या दुष्परिणामांची यादीही जवळपास तीच असते. १९८० च्या दशकातील अभ्यासकांनी या प्रारंभीच्या बेचैनीची स्वतंत्र लक्षणसमूह म्हणून नोंद केली. शरीरातील प्रत्येक हालचालीकडे भयाने पाहणे हा ज्याचा आजारच आहे, त्याला नवी धडधड म्हणजे अनर्थाची चाहूल वाटते. दुष्परिणामाची भीती दुष्परिणाम वाढविते, असे हे चक्र असते.

यावर रूढ झालेले उपाय साधे आहेत. डॉक्टर चिंतेच्या रुग्णाला प्रारंभी अल्प मात्रा देतात. उदाहरणार्थ, सर्ट्रालीन २५ मिलिग्रॅम किंवा एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून ती हळूहळू वाढविली जाते. गोळी जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. झोप उडत असल्यास ती सकाळी व गुंगी येत असल्यास रात्री घेण्याचा सल्ला दिला जातो. तोंड कोरडे पडल्यास घोटघोट पाणी पिणे, चहाचे प्रमाण कमी करणे, गुंगी असेपर्यंत दुचाकी चालविणे टाळणे या गोष्टी उपयोगी पडतात. काही वेळा पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी डॉक्टर बेन्झोडायझेपिनची जोड देतात; तिची मुदत आरंभीच ठरविणे आवश्यक असते. बहुतेक रुग्णांत मळमळ व डोकेदुखी एक-दोन आठवड्यांत ओसरते. लैंगिक इच्छेवरील परिणाम मात्र टिकून राहू शकतो आणि संकोचामुळे तो सांगितला जात नाही. अनेकदा औषध सोडण्यामागे हे न सांगितलेले कारण असते.

सहन करण्याजोगा त्रास व धोक्याची खूण यांतील भेद रुग्णाला समजणे तितकेच महत्त्वाचे आहे. आत्महत्येचे विचार येणे, बेचैनी अनावर होणे, अंगावर पुरळ उठणे, अतिउत्साहाचा व झोपेची गरजच न वाटण्याचा झटका येणे, तापासह अंग ताठरणे व भ्रम होणे यांपैकी काहीही घडल्यास तत्काळ डॉक्टरांशी संपर्क साधला पाहिजे. तरुण रुग्णांतील आत्महत्येच्या विचारांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये ठळक इशारा बंधनकारक केला व २००७ मध्ये त्याची वयोमर्यादा २४ वर्षांपर्यंत वाढविली. अंगमेहनतीमुळे वेदनाशामक गोळ्या नेहमी घेणाऱ्या मजुरांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. अशा काही गोळ्या या औषधांबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दारू आणि बेन्झोडायझेपिन यांचा संयोग श्वसन मंदावून जीवघेणा ठरू शकतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. कायद्याची स्थिती काहीही असो, दारूविषयी थेट व निःसंकोच विचारणा करणे हा औषधयोजनेचा भाग असला पाहिजे.

४. कुष्ठरोगाच्या उपचारांचा पूर्वानुभव

औषधाने आधी त्रास होतो, हे या प्रदेशाने सर्वप्रथम कुष्ठरोगाच्या संदर्भात मोठ्या प्रमाणावर अनुभवले. लगतच्या वर्धा जिल्ह्यात मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठधाम उभारले. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली व त्यातून आनंदवन आकारास आले. त्यापूर्वीच्या काळातील प्रमुख औषध म्हणजे चालमोगऱ्याचे तेल. ते पोटात घेतल्यास मळमळून येई आणि टोचून घेतल्यास वेदना व सूज येई.

१९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली आणि त्यांतील डॅप्सोन पुढे सर्वत्र रूढ झाले. उपचार सुरू असताना काही रुग्णांना ताप येई, अंगावर गाठी उठत, नसा दुखत. रोगाशी शरीराच्या झुंजीतून उद्भवणारी ही प्रतिक्रिया रुग्णाला औषधाचा अपाय वाटे. ती टाळण्यासाठी अल्प मात्रेपासून आरंभ करण्याची पद्धत पडली. परंतु अपुऱ्या मात्रेवर रेंगाळलेल्या, केवळ एकाच औषधाच्या उपचारांतून जंतूंमध्ये प्रतिकारक्षमता निर्माण होऊ लागली. अल्प मात्रा हा आरंभ असावा, मुक्काम नव्हे, हा त्यातील धडा आहे. कारणे वेगळी असली तरी तो चिंताविकारालाही लागू पडतो. २५ मिलिग्रॅमवर महिनोन्महिने राहिलेला रुग्ण त्रास सोसतो आणि त्याला पुरेसा गुणही येत नाही.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली व १९८३ मध्ये भारतात राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. या उपचारातील रिफाम्पिसीनमुळे लघवी लाल होते, तर क्लोफाझिमीनमुळे कातडी काळवंडते. पहिला परिणाम निरुपद्रवी, परंतु पूर्वसूचना नसल्यास घाबरविणारा आहे. दुसरा शारीरिकदृष्ट्या सौम्य असला तरी सामाजिकदृष्ट्या कठीण आहे, कारण चेहऱ्याचा बदललेला रंग गावाला रोगाची वार्ता देतो. या दोन्हींवरील मुख्य उपाय म्हणजे आधी सांगणे. लघवी लाल होईल हे ऐकलेला रुग्ण ती लाल झाल्यावर घाबरत नाही; औषध शरीरात पोहोचल्याची खूण म्हणून तो तिच्याकडे पाहतो. त्याच दुष्परिणामाचा अर्थ केवळ पूर्वसूचनेने पालटतो.

या कार्यक्रमाची रचनाही अर्थपूर्ण होती. २८ दिवसांच्या गोळ्यांचे एक पाकीट आणि दर महिन्याची पहिली मात्रा आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायची, असा नियम होता. त्यामुळे महिन्यातून एकदा रुग्ण व कर्मचारी समोरासमोर येत आणि हातापायांची तपासणी, तक्रारींची विचारणा होत असे. चिंताविकाराच्या रुग्णाला मात्र बहुधा महिनाभराच्या गोळ्या एकदम दिल्या जातात व ज्या पंधरवड्यात विचारपूस हवी, त्याच काळात त्याची भेट होत नाही.

५. विश्वासाची वाट : हेमलकसा, शोधग्राम, गोवा आणि अमरावती

१९७३ मध्ये भामरागडजवळील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याकडे प्रारंभी माडिया रुग्ण येण्यास कचरत. बरे होऊन गावी परतलेल्या रुग्णांमुळेच पुढे विश्वास वाढत गेला. १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तिच्या शोधग्राम येथील रुग्णालयाला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले व त्याची रचना आदिवासी खेड्यासारखी झाली. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता यावे, ही लोकांचीच अपेक्षा होती. भयग्रस्त माणसाला परिचित चेहऱ्यांची सोबत लागते, हे या रचनेने मान्य केले.

याच संस्थेच्या घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगात गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी ३९ गावांत काम केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. ठरलेल्या दिवशी घरी जाणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे ही दोन कामे अल्पशिक्षित स्त्री उत्तम प्रकारे करू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. औषध सुरू केलेल्या रुग्णाच्या पहिल्या पंधरवड्यात नेमकी हीच दोन कामे अपेक्षित असतात.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात असा प्रयोग गोव्यात झाला. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’ संस्थेने तेथील २४ आरोग्य केंद्रांत व खासगी दवाखान्यांत चिंता व खिन्नतेच्या रुग्णांसाठी वैद्यकीय पदवी नसलेले प्रशिक्षित समुपदेशक नेमले. विकाराची माहिती देणे व औषध घेणाऱ्यांचा पाठपुरावा करणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शासकीय केंद्रांतील रुग्णांना याचा लाभ झाल्याचे दिसले. खासगी दवाखान्यांत तसा स्पष्ट फरक आढळला नाही. विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पामुळे खिन्नतेसाठी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत वाढले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजेच गावपातळीवरील सेवकाच्या साहाय्याने लोक उपचारांपर्यंत येतात. आलेल्यांना टिकविण्याचे कामही त्याच मार्गाने होऊ शकते.

६. वर्तमान अडचणी

मलेरियाने पीडित असलेल्या या प्रदेशात औषधाविषयीची अपेक्षा तापाच्या अनुभवातून घडली आहे. गोळी किंवा सुई घेतली की दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. दोन आठवडे त्रास देऊन नंतर गुण देणारी गोळी या अपेक्षेत बसत नाही. म्हणून ‘हे तापाचे औषध नव्हे, याला वेळ लागतो’ एवढे रुग्णाच्या भाषेत सांगणे हाच उपचाराचा पहिला भाग ठरतो. माडिया किंवा गोंडी भाषक रुग्णाच्या बाबतीत हे दुभाष्यामार्फत घडते. दुभाषी बहुधा नातेवाईकच असल्याने मृत्यूचे विचार किंवा लैंगिक तक्रारी यांविषयी मौन राहते.

दुसरी अडचण पावसाळ्याची आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. औषध अचानक खंडित झाल्यास चक्कर, चिडचिड, झिणझिण्या व पुन्हा चिंता अशी लक्षणे उद्भवू शकतात. पॅरोक्सेटीनच्या बाबतीत ती अधिक, तर शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या फ्लुओक्सेटीनच्या बाबतीत कमी आढळतात. औषध निवडताना व पावसाळ्यापूर्वी साठा देताना या भौगोलिक वास्तवाचा विचार होणे उचित ठरेल.

काही अनुकूल गोष्टीही घडल्या आहेत. २०१५ मध्ये चंद्रपूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही सल्ला मिळतो. भ्रमणध्वनीचे जाळे जेथे पोहोचत नाही, तेथे मात्र आशा कार्यकर्ती हाच दुवा उरतो.

निष्कर्ष

१) चिंताविकारावरील औषधांच्या इतिहासात लगेच सुख देणारी औषधे पुढे महाग पडली, तर आज अधिक उपयुक्त ठरलेली औषधे आरंभी त्रास देतात. रुग्ण टिकणे हे या आरंभीच्या काळातील सोबतीवर अवलंबून आहे.

२) पूर्वसूचना हा दुष्परिणामांवरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. लाल लघवीविषयी आधी सांगण्याचा कुष्ठरोग कार्यक्रमातील शिरस्ता मळमळ, धडधड व झोपमोड यांबाबतही पाळता येईल.

३) अल्प मात्रेने आरंभ, ठरलेल्या मुदतीत पुरेशी मात्रा आणि पहिल्या पंधरवड्यात किमान दोन प्रत्यक्ष भेटी असा क्रम या जिल्ह्यांत आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने शक्य आहे. त्यासाठी धोक्याच्या लक्षणांची छोटी यादी मराठी, गोंडी, माडिया व तेलुगू भाषांत उपलब्ध होणे आवश्यक आहे.

४) गुण आल्याचे रुग्णाआधी सोबतच्यांना कळते, हा हिलसाइडचा अनुभव लक्षात घेता कुटुंबीयांकडूनही नोंद घेतली पाहिजे. रुग्ण ‘फरक नाही’ म्हणत असताना तो पुन्हा बाजाराला जाऊ लागला, रात्री उठून अंगणात फेऱ्या मारणे थांबले, हे घरातील माणूस सांगू शकतो. औषध सोडण्याच्या बेतात असलेल्या रुग्णाला त्याच्याच घरातून मिळालेली अशी साक्ष पुढील पंधरवडा पार करण्याचे बळ देऊ शकते.